घरी कडबा कापताना

"चांगला माणूस मिळत नाही हो!" आजकाल कोणत्याही कारखान्यात जा, पाण्याच्या पेल्याबरोबर हे वाक्य कानावर येतं. व्यंकटराव पांगरकर तर ते उठता-बसता म्हणायचे. परभणीच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा कडबाकुट्टी यंत्रं बनवण्याचा कारखाना होता. जनावरांची वैरण बारीक करणारी त्यांची यंत्रं सोनपेठपासून जिंतूरपर्यंत गोठ्यागोठ्यांत पोचली होती. आता ज्वारीची काढणी तोंडावर आली होती, म्हणजे कडब्याचे दिवस आले होते. दुकानदारांचे फोनवर फोन येत होते आणि ज्या पॉवर प्रेसवर यंत्राचा सगळा पत्रा कापला जायचा, तो प्रेस मात्र बंद पडून होता. त्यावर बसायला कसबी माणूस नव्हता.

"हेमाताई, सोमवारी प्रेस चालू झाला पाहिजे," व्यंकटराव म्हणाले. "जाहिरात टाका, माणसं बोलवा, काहीही करा. आणि कुणी विचारलं, आधीचा ऑपरेटर कुठं गेला, तर काय सांगायचं?"

"पुण्याला गेला. जास्त पगार मिळाला," हेमा म्हणाली. उत्तर तिला पाठ होतं.

कारखान्याचं ऑफिस हेमाच सांभाळायची. माणसं घेणं, हजेरी, बँकेची कामं, सगळं तिच्याकडे. नवरा शंतनु विनाअनुदानित शाळेत शिकवायचा. त्याचा पगार म्हणजे अवकाळी पावसासारखा, आला तर आला. घर चालायचं ते हेमाच्या नोकरीवर. व्यंकटराव तिला ताई म्हणायचे, तिच्या ईश्वरीच्या वाढदिवसाला आठवणीने फ्रॉक पाठवायचे. आपला मालक देवमाणूस आहे, असं ती चारचौघांत सांगायची.

आधीचा ऑपरेटर म्हणजे सिताराम. तो पुण्याला वगैरे गेला नव्हता. रुळापलीकडच्या वस्तीत, उजव्या हाताची चार बोटं गमावून तो घरात बसला होता.

त्याचं असं झालं. प्रेसच्या तोंडाशी एक लोखंडी जाळी होती. ती खाली उतरल्याशिवाय प्रेसचा घाव पडायचाच नाही, त्यामुळे आत हात असताना इजा होणं शक्य नव्हतं. पण जाळी वरखाली होण्यात वेळ जातो, माल कमी निघतो, म्हणून व्यंकटरावांनी ती उचकटून भंगाराच्या ढिगावर टाकली. पुढे प्रेसचा क्लच ढिला झाला. पेडलवर पाय नसताना घाव मधूनच आपोआप पडू लागला. सितारामने सांगितलं, पुन्हा सांगितलं.

"संक्रांत होऊ दे, मग बघू," व्यंकटराव म्हणाले.

संक्रांत यायच्या आत सितारामची बोटं गेली.

रिक्षात घालून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं ते हेमानेच. वाटेत व्यंकटरावांचा फोन आला. "कारखान्याचं नाव घ्यायचं नाही. घरी कडबा कापताना बोटं गेली म्हणून सांगा. सितारामला म्हणावं, गप्प राहिलास तर गेटवर चौकीदार म्हणून ठेवतो. तोंड उघडलंस तर ह्या वसाहतीत तुला कुणी उभं करणार नाही."

डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं हे?"

हेमाने सितारामकडे पाहिलंसुद्धा नाही. "घरी कडबा कापताना," ती म्हणाली.

वेदनेने पांढराफटक पडलेल्या सितारामने मान हलवली. तेवढ्यावर प्रकरण मिटलं. त्या दिवशी घरी गेल्यावर हेमाने ओढणीवरचं रक्त घासून घासून धुतलं आणि मनाशी म्हटलं, मी काय करणार? मी तर नोकर माणूस!

मुलाखतीचा दिवस उजाडला. जत्रेत बैल घेताना दात बघतात, तशी व्यंकटरावांची एक पद्धत होती. माणूस आत आला की ते म्हणायचे, "हात टेबलावर ठेव!"

पहिला आला तो गंगाखेडकडचा हरिओम. त्याने बिचकत हात पुढे केले. डाव्या हाताचं एक बोट अर्धं होतं.

"अरे, हा तर साडेनऊ बोटांचा!" व्यंकटराव खुर्चीत मागे रेलून हसले. "आपल्याला पुरा माल लागतो बाबा, खोडीचा नको!"

ऑफिसातले सगळे हसले. हेमाही हसली.

हरिओमने हात खिशात घातला. "साहेब, ते बोट असल्याच एका कारखान्यात ठेवून आलोय," तो म्हणाला.

"मग तिथंच जा ना शोधायला! इथं काय सापडणार?"

पुन्हा हशा पिकला. हरिओम मान खाली घालून गेला. त्याच्यामागून आलेल्या सूर्यभान नावाच्या माणसाने विम्याचं विचारलं, तर व्यंकटराव उसळले, "अजून खुर्चीवर बसला नाहीस आणि वकिली सुरू? चल, निघ!"

शेवटी आली रेणुका वाव्हळे. पिंगळीची मुलगी. आयटीआय केलेली, वाळूजला प्रेसवर काम केलेली. आई अंथरुणाला खिळली म्हणून गावी परतलेली. सावळी, बारीक अंगाची, नजर सरळ. व्यंकटरावांनी तिचं गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनाव ऐकून त्यांचा चेहरा क्षणभर आखडला, मग हळूहळू खुलला.

"माझा एक प्रश्न आहे," रेणुका म्हणाली. "आधीचे ऑपरेटर कशामुळं गेले?"

व्यंकटरावांनी हेमाकडे पाहिलं.

"पुण्याला गेले. जास्त पगार मिळाला," हेमा म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही.

रेणुका बाहेर गेली, तसे व्यंकटराव टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "हिलाच घ्या. बाई आहे, म्हणजे पगार कमी. वाव्हळे आहे, गावकुसाबाहेरची, म्हणजे उद्या काही झालं तर हिच्यासाठी गाव भांडायला येणार नाही. आई आजारी आहे, म्हणजे सोडूनही जाणार नाही. हेमाताई, ह्याला म्हणतात माणूस पारखणं!"

'उद्या काही झालं तर' हे शब्द हेमाने नीट ऐकले होते. तरी तिने रेणुकाला सोमवारी यायला सांगितलं.

सोमवारी सकाळी रेणुका वेळेवर आली. आणि त्याच सकाळी गेटवर सिताराम येऊन उभा राहिला. सोबत त्याची बायको सरजाबाई होती. सितारामने उजवा हात गमछ्यात गुंडाळून छातीशी धरला होता.

"साहेबांनी चौकीदारीचं कबूल केलं व्हतं," तो हेमाला म्हणाला. "म्हून आलाव."

हेमाने आत जाऊन सांगितलं. व्यंकटराव कपाळाला आठ्या घालून क्षणभर थांबले, मग एकदम म्हणाले, "बरा आला! त्याला म्हणावं, आधी नव्या पोरीला प्रेस समजावून दे. मशीन जुनं आहे, त्याच्या सगळ्या खोडी ह्यालाच ठाऊक. तेवढं होऊ दे, मग चौकीदारीचं बघू."

असं आहे आपल्याकडचं! ज्या यंत्राने माणसाचा हात खाल्ला, त्याच यंत्रापाशी त्याला पुन्हा उभं करायचं, आणि तेही पुढचा हात तयार करायला!

सिताराम प्रेससमोर आला. मोटार सुरू झाली. वरचं जड चाक गरगरू लागलं. त्याने डाव्या हाताने दाखवायला सुरुवात केली, पत्रा कसा सरकवायचा, पाय कुठे ठेवायचा, ढिल्या क्लचपासून कसं सावध राहायचं. बोलता बोलता गमछा घसरला. पट्टीत बांधलेला, पुढून बुटका झालेला पंजा उघडा पडला.

रेणुकाने विचारलं, "काका, हाताला काय झालं?"

सितारामने हेमाकडे पाहिलं. ती नजर हेमाला पुढे कधी विसरता आली नाही. त्या नजरेत राग नव्हता. 'बाई, बरोबर बोलायलोय ना?' एवढंच त्याला विचारायचं होतं.

"घरी," तो म्हणाला. "घरी कडबा कापताना."

रेणुकाने प्रेसच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. जाळी बसवायच्या जागेवर नुसती भोकं राहिली होती. मग तिने अगदी साधा प्रश्न विचारला.

"काका, तुमच्या घरी जनावरं किती?"

सिताराम गोंधळला. ह्याच्या पुढचं उत्तर त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "जनावरं?" तो पुटपुटला. "जनावरं... न्हाईत."

आणि मागे उभ्या असलेल्या सरजाबाईचा बांध फुटला!

"आमच्या दारात ढोर न्हाई, वासरू न्हाई, शेळी सुदिक न्हाई!" ती ओरडली. "कडबा कापायचा कुणासाठी? माझ्यासाठी? आगं पोरी, ह्याच मशीननं खाल्लाय त्यांचा हात! आन ह्या बाईनं," तिने हेमाकडे बोट रोखलं, "ह्या शिकल्या-सवरलेल्या बाईनं डॉक्टरला खोटं सांगितलं!"

खटखट करणारी बाकीची यंत्रं एकेक करून थांबली. कामगार जागच्या जागी उभे राहिले. रेणुका हेमाकडे वळली.

"मॅडम, तुम्ही म्हणालात, पुण्याला गेले."

तेवढ्यात ऑफिसचं दार आपटून व्यंकटराव बाहेर आले.

"काय तमाशा लावलाय? सिताराम, तुझ्या बायकोला आवर!"

"साहेब, तिचं मनावर घेऊ नका," सिताराम काकुळतीला आला. "मी कुटं काय बोललो? मी गप हाय. चौकीदारीचं तेवढं..."

"चौकीदारी?" व्यंकटराव कडवट हसले. "चौकीदाराला एका हातात काठी लागते, दुसऱ्या हातात बॅटरी. तू काय पायानं धरणार?"

ह्या वेळी कुणी हसलं नाही.

सरजाबाई पुढे आली. कापूस वेचून वेचून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. आता ती ओरडत नव्हती, आणि म्हणूनच तिचा एकेक शब्द लागत होता.

"साहेब, बोटं गेली त्याचं दुःख हायेच. पर तुमी त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं का चूक त्यांची हाय. तुमच्या पायी हात गेला आन वर चोरावानी मान बी त्यांनीच खाली घालायची? मशीन खराब झालं तर तुमी त्याला कापडानं पुसताव, तेल पाजताव, कारागीर बोलावताव. माणूस खराब झाला की गेटाभाईर! मशीनला मोल हाय म्हून जपताव. आमी फुकट मिळतो म्हून जपत न्हाईत!"

"संपलं का भाषण?" व्यंकटराव म्हणाले. मग रेणुकाकडे वळले. "तू बस कामाला. मशीनला काही झालेलं नाही. लक्ष न देता काम केलं की लागणारच."

"जाळी बसवा, क्लच दुरुस्त करा, मी आत्ता बसते," रेणुका म्हणाली. "तोवर मी पाय लावणार नाही. आणि तुम्हाला धोका वाटत नसेल तर तुमच्यापैकी कुणीतरी एक पत्रा काढून दाखवा."

कामगारांमध्ये कुजबुज झाली. व्यंकटरावांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि त्यांची नजर हेमावर थांबली.

"हेमाताई, बसा तुम्ही! दाखवा हिला किती सोपं आहे ते. पत्रा ठेवायचा, पेडल दाबायचं. शाळेतलं पोरगंही करील!"

"मी?" हेमाच्या तोंडून कसंबसं निघालं.

"मग काय मी बसू? तुम्हीच घेतलंय ना हिला? तुम्हीच सांगा, भीतीचं कारण नाही म्हणून!"

हेमा यंत्रवत पुढे गेली आणि स्टुलावर बसली. समोर प्रेस घरघरत होता. त्याची थरथर स्टुलातून तिच्या पाठीत चढत होती. तिने पत्रा उचलला. "बांगड्या काढा मॅडम," रेणुका एकदम म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती, आणि तीच हेमाला जास्त लागली. तिने बांगड्या काढल्या. पत्रा आत सरकवला. तिचा उजवा हात त्या लोखंडी जबड्यात गेला.

तेवढ्यात पेडलला कुणाचाही पाय लागलेला नसताना वरचं धूड कचकन हललं आणि थबकलं.

हेमा किंचाळून मागे पडली! हात शाबूत होता. तिने तो छातीशी घट्ट आवळून धरला. अगदी सितारामने धरला होता तसाच. ह्याच हाताने सकाळी तिने ईश्वरीच्या वेण्या घातल्या होत्या. वर पाहिलं, तर व्यंकटराव घड्याळ बघत होते!

"काही झालं नाही! घाबरट कुठल्या! बसा परत!"

त्या एका क्षणात हेमाला सगळं लख्ख दिसलं. ह्या माणसाने फ्रॉक पाठवले होते, ताई म्हटलं होतं. पण प्रेससमोर तिचा हात आणि सितारामचा हात त्याला सारखाच होता. आणि आपण? आपण तर इतके दिवस दुसऱ्यांचे हात मोजून-पारखून ह्याच्या हवाली करत होतो!

ती उठली. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शेवटच्या कामगारापर्यंत पोचला. "सितारामभाऊंचा हात ह्याच प्रेसमध्ये गेला. त्यांनी क्लचचं सांगितलं होतं, माझ्यासमोर सांगितलं होतं. दवाखान्यात खोटं मी सांगितलं. रेणुका, तुलाही मीच फसवलं."

"हेमाताई!" व्यंकटराव गरजले. मग आवाज खाली आणून, अगदी मऊपणे म्हणाले, "पोरीच्या शाळेचं बघा. नवऱ्याचा पगार कधी होतो, मला माहीत आहे. ह्या दाराबाहेर पडलात तर परभणीत कुठं नोकरी मिळते ते मी बघतो."

हेमाचे पाय क्षणभर अडखळले. कुणाचे अडखळणार नाहीत? मग तिने टेबलावरची पर्स उचलली आणि ती सिताराम-सरजाबाईच्या मागोमाग गेटाबाहेर पडली. रेणुकाही निघाली.

रस्त्यावर आल्यावर हेमाने हात जोडले. "भाऊ, मला माफ करा."

सरजाबाई म्हणाली, "माफी ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी, बाई. तिनं बोटं उगवत न्हाईत. जिथं खोटं बोललाव, तिथंच जाऊन खरं बोला."

मग सगळे ओळीने दवाखान्याकडे चालत निघाले. हेमा सगळ्यांत पुढे.

पुढे जे झालं ते काही आनंदीआनंद नव्हतं. व्यंकटरावांनी आपला शब्द खरा केला. वसाहतीत हेमाला कुणी दारात उभं करेना. शेवटी ती एका खतांच्या दुकानात कमी पगारावर लागली. घरात ओढाताण झाली, शंतनुशी कडाक्याची भांडणंही झाली. कामगार कार्यालयात तक्रार गेली, तिथेही सितारामला खेटे घालावे लागलेच. पण रेणुकाने पिंगळीपासून आयटीआयपर्यंत सगळ्यांना त्या प्रेसची हकीकत सांगितली होती. ती ऐकून हरिओमने सांगितली, सूर्यभानने सांगितली. एकही ऑपरेटर व्यंकटरावांकडे फिरकेना. कडब्याचे दिवस आले आणि गेले. तपासणी झाली, तेव्हा झक मारत क्लच बदलावा लागला, जाळी बसवावी लागली आणि सितारामला त्याची भरपाईही द्यावी लागली. व्यंकटरावांचं मन बदललं का? ते त्यांनाच ठाऊक. पण बदललेल्या मनावाचून बसवलेली जाळीसुद्धा बोटं वाचवते, हे काही थोडं नाही.

मन बदललं होतं ते हेमाचं, आणि आणखी एका माणसाचं. त्या दिवशी दवाखान्यात हेमाने डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं.

"मग तेव्हा का नाही बोललात?" डॉक्टरांनी विचारलं.

"नोकरी जाईल म्हणून," हेमा म्हणाली. दुसरं कारण तिच्यापाशी नव्हतं.

डॉक्टर सितारामकडे वळले. इतके दिवस मान हलवणारा तो माणूस आज ताठ बसला. त्याने गमछा सोडला, पट्टीतला हात टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि म्हणाला, "साहेब, खोटं मी बी बोललो. माझा हात घरी न्हाई गेला. माझ्या कामावर गेला. माझी चूक नव्हती."

शेवटचे तीन शब्द म्हणताना तो ओक्साबोक्शी रडला. बोटं गेली तेव्हाही तो इतका रडला नव्हता.

वाचकहो, निर्दय मालक एकटा असला तर फार काही करू शकत नाही. त्याचं खोटं सभ्य भाषेत सांगायला त्याला पगारी, शिकलेलं, घरंदाज माणूस लागतं. ते माणूस आपण होऊ नये! माणूस कामाला लावा, जरूर लावा, त्याचं कसब पारखून घ्या. पण ज्या जागी आपण आपला हात ठेवणार नाही, तिथे दुसऱ्याचा हात ठेवायला सांगायचा अधिकार कोणत्याही पगाराने विकत मिळत नाही. आणि तसं कुणी सांगत असेल, तर 'मी तर नोकर माणूस' म्हणून मान खाली घालणारा प्रत्येक जण त्या घावाचा भागीदार असतो.